उंबऱ्यावरची पाटी

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२चा (इ.स. १०६०) शिलालेख आहे. तो पाहून कॉलेजच्या सर्व्हरवर स्वागताची ओळ लिहायची मला हौस आली. एमओटीडी फाईलमधला मजकूर आत शिरल्यावर दिसतो. मला तो उंबऱ्याबाहेर, पासवर्डाच्या आधी हवा होता. म्हणून एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘बॅनर’ शब्द घातला, त्यातच एक अक्षर चुकले, आणि सेवा पुन्हा सुरू केली.

रात्री बदलापूरहून जोडू गेलो तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’! वर्गाचे प्रकल्प त्याच यंत्रात. सकाळी ते सादर करायचे. मी उगाच वायरींना शिव्या घालीत बसलो. लिनक्समध्ये ११० म्हणजे वाट पाहूनही उत्तर नाही. माझा आकडा १११ : यंत्र बहुधा जागे आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. ऐकणाऱ्याला मीच झोपविले होते! ‘एसएसएचडी -टी’ ही आज्ञा आधी दिली असती, तर चुकलेली ओळ तिने तिथेच दाखविली असती. पहाटेची लोकल पकडून ते अक्षर सुधारले.