जस्ताचा मुलामा

विद्यार्थिमित्रांनो, पावसाळा संपला की आपल्या घराकडे जरा बारकाईने पाहा. खिडकीच्या गजांवर, दाराच्या बिजागरीवर, सायकलच्या साखळीवर तांबूस भुकटी दिसेल. बोट लावले तर बोटाला रंग लागेल. हाच गंज. उर्दूत आपण त्याला जंग म्हणतो. पण त्याच पावसात भिजलेले छपराचे नवे पत्रे मात्र रुपेरीच राहतात. हे पत्रे आतून लोखंडाचेच असतात. मग त्यांना गंज का चढत नाही? या पाठात आपण या प्रश्नाचे उत्तर शोधू या.

लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन ही तिन्ही एकत्र आली की गंज तयार होतो. यांपैकी पाणी किंवा ऑक्सिजन मिळाला नाही, तर लोखंड गंजत नाही. मिठामुळे मात्र ही क्रिया वेगाने होते. म्हणूनच मुंबई, रत्नागिरी अशा समुद्रकाठच्या गावी लोखंड लवकर गंजते, तर मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ते जास्त काळ टिकते. गंजाचा थर घट्ट नसतो. त्याचे पापुद्रे सुटतात, खालचे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजू लागते. अशा रीतीने धातूची झीज होते. या झिजेला क्षरण असे म्हणतात.

क्षरण म्हणजे केवळ कुरूप डाग नव्हे. अमेरिकेत ओहायो नदीवर १९२८ साली एक पूल बांधला गेला. त्याला रुपेरी रंग दिलेला होता, म्हणून लोक त्याला सिल्व्हर ब्रिज म्हणत. १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळी, वाहनांची गर्दी असताना, तो पूल कोसळला आणि ४६ माणसे मृत्युमुखी पडली. पूल तोलून धरणाऱ्या एका पोलादी पट्टीला भोकापाशी बारीक चीर पडली होती. ताण आणि क्षरण या दोहोंमुळे ती वाढत गेली. ती जागा सांध्याच्या आत होती, त्यामुळे बाहेरून कुणाला काही दिसले नाही. वरून चकचकीत दिसणारे लोखंड आतूनही धडधाकट असेलच असे नाही, हे या घटनेवरून लक्षात येते.

मग लोखंडाला वाचवायचे कसे? त्याला हवा आणि पाणी लागू न देणे हा सोपा उपाय. म्हणून आपण साखळीला तेल घालतो आणि गजांना रंग देतो. पण रंगाला ओरखडा पडला की तेथून पाणी आत शिरते आणि रंगाखाली गंज पसरतो.

दुसरा उपाय म्हणजे लोखंडावर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवणे. छपराचे पत्रे, बादल्या, काटेरी तार आणि नळाचे जी. आय. पाइप यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो. कारखान्यात लोखंडी वस्तू आधी आम्लात बुडवून स्वच्छ करतात. नंतर ती जस्ताचा क्षार आणि नवसागर यांच्या द्रावणातून काढतात. हा नवसागर तुम्ही कल्हईवाल्याकडे पाहिला असेल. उर्दूत त्याला नौशादर म्हणतात. शेवटी ती वस्तू सुमारे ४५० अंश सेल्सियस तापलेल्या, वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त लोखंडाला घट्ट धरून बसते. थंड होताना पुष्कळदा त्यावर फुलांसारखी नक्षी उमटते.

स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. बेडकाच्या पायावर धातूंचे आणि विजेचे प्रयोग करणारे इटलीचे शास्त्रज्ञ लुईजी गॅल्व्हानी यांच्या नावावरून या पद्धतीला गॅल्व्हनायझिंग हे नाव मिळाले. जस्ताच्या त्या कढईत तर विजेचा प्रवाह सोडत नाहीत. मग विजेशी जोडलेले हे नाव का? जस्ताचा खरा गुण यातच दडलेला आहे.

समजा, पत्र्याला ओरखडा पडला आणि लोखंड उघडे पडले. त्यावर पावसाचे पाणी साचले. आता जस्त, लोखंड आणि पाणी मिळून एक छोटीशी विद्युतघटच तयार होते. जस्त हे लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे. ते आपले इलेक्ट्रॉन लोखंडाला देते आणि स्वतः झिजते. लोखंड वाचते. रंग फक्त झाकतो. जस्त मात्र लोखंडाच्या वाटचा मार स्वतः खाते. याच कारणासाठी पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात. ते झिजले की बदलतात.

कथिलाचे याच्या उलट आहे. ते लोखंडापेक्षा कमी क्रियाशील आहे. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेल्या डब्याला ओरखडा पडला, तर उघडे पडलेले लोखंड अधिकच वेगाने गंजते.

जस्ताशी आपल्या देशाचे जुने नाते आहे. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते. उघड्या भट्टीत त्याची वाफ होऊन ते हातचे जाते. राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथील कारागिरांनी यावर युक्ती काढली. त्यांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या पात्रांत खनिज तापवले आणि वाफ खाली उतरवून थंड केली. युरोपात विल्यम चॅम्पियनने १७३८ साली जस्त काढण्याचे पेटंट घेतले. जावरच्या भट्ट्या त्याच्या कित्येक शतके आधी पेटलेल्या होत्या.

जस्त उपकारक असले तरी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

१. जस्ताच्या बादलीत ताक, चिंचेचे पाणी, लिंबाचे सरबत किंवा लोणचे ठेवू नका. आंबट पदार्थांत जस्त विरघळते. असा पदार्थ पोटात गेल्यास उलट्या होतात.

२. तुमच्यापैकी कुणाचे वडील, चाचा किंवा भाऊ वेल्डिंगचे काम करीत असतील. जी. आय. पाइप जोडताना पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. त्यांना सांगा, जोडाजवळचे जस्त आधी काढून टाका, मोकळ्या हवेत काम करा आणि धुरात तोंड घालू नका.

३. ओले पत्रे एकावर एक रचून ठेवू नका. त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि मुलामा वाया जातो.

४. जस्ताच्या पाइपाला तांब्याची नळी थेट जोडू नका. तांब्यामुळे जस्त लवकर संपते.

आता एक प्रयोग करा. तीन पेल्यांत मिठाचे पाणी घ्या. तीन सारखे, साधे लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याला तांब्याची उघडी तार गुंडाळा. तिसऱ्याला जस्ताचा मुलामा असलेली तार घट्ट गुंडाळा. तिन्ही खिळे पाण्यात ठेवून चार दिवस पाहा. कोणता खिळा सर्वांत जास्त गंजला? कोणत्या तारेवर पांढरी भुकटी दिसली? वहीत लिहून ठेवा.

मित्रांनो, जस्ताचा मुलामाही कायमचा नसतो. तो संपला की लोखंडाची पाळी येते. म्हणून शाळेचा जिना, घराचे गज, रस्त्यावरचा विजेचा खांब यांच्यावर गंज दिसला, तर मोठ्या माणसांना लगेच सांगा. खांबाला मात्र हात लावू नका. वेळेवर दिलेला रंगाचा एक हात एखाद्याचा जीव वाचवू शकतो.

शब्दार्थ
गंज – जंग
मुलामा – मुलम्मा, पातळ थर
कथील – कल्हईसाठी वापरतात तो धातू
क्षरण – हळूहळू होणारी झीज
आम्ल – तेजाब
मृत्युमुखी पडणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. गंज तयार होण्यासाठी कोणत्या गोष्टी लागतात?
२. सिल्व्हर ब्रिजमधील चीर कुणाला का दिसली नाही?
३. कारणे द्या : ओरखडा पडला तरी जस्ताचा पत्रा लगेच गंजत नाही.
४. ‘हातचे जाणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या घरातील पाच लोखंडी वस्तूंची यादी करा व प्रत्येकीचे गंजापासून कसे रक्षण केले आहे ते लिहा.