विडी, फुप्फुसे आणि ‘ड’ जीवनसत्त्व

गेल्या महिन्यात शिवणकाम करणारे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ५२. बावीस वर्षांपासून रोज विडीचा एक कट्टा. जिना चढताना धाप लागते, सकाळी खोकल्याची ढास लागते. हातात रक्ततपासणीचा कागद होता. ‘ड’ जीवनसत्त्व ११. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, एवढे वाढवून द्या. मग विडीचा त्रास होणार नाही ना?” हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून आज त्याविषयी.

‘ड’ जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातील अतिनील किरणांमुळे आपल्या कातडीत तयार होते. पुढे यकृत व मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात. हाडे बळकट ठेवणे हे त्याचे परिचित काम. शिवाय जंतूंशी लढणाऱ्या पेशींना ते मदत करते व दाह आवरते. धूर नेमका उलटा वागतो. तो श्वासनलिकांना कायम सूज आणतो आणि वायुकोश नष्ट करतो.

अमेरिकेत बोस्टन येथे ६२६ पुरुषांचा १९८४ ते २००३ या काळात अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. रोज २० सिगारेटी एक वर्ष ओढल्या, की एक ‘पॅक-वर्ष’ धरतात. जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दर पॅक-वर्षामागे ‘ड’ कमी असलेल्यांत १२ मिलिलिटरने, तर पुरेसे असलेल्यांत साडेसहा मिलिलिटरने कमी दिसली. वीस पॅक-वर्षांचा हिशोब केला तर २४० आणि १३०.

वाचकहो, येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. ‘ड’ पुरेसे असूनही नुकसान झालेच. दुसरे, ‘ड’ कमी असल्यामुळेच हे घडले, असे यातून सिद्ध होत नाही. धाप लागणारा माणूस घराबाहेर कमी पडतो, म्हणून त्याला ऊनही कमी मिळते.

मग गोळीने काय साधते? बेल्जियममध्ये दम्यासारख्या जुनाट श्वसनविकाराच्या (सीओपीडी) १८२ रुग्णांना वर्षभर ‘ड’चे मोठे डोस किंवा नुसते औषधविरहित द्रावण देऊन पाहिले. २०१२ च्या त्या अहवालानुसार एकूण रुग्णांत आजार बळावण्याचे प्रमाण घटले नाही. मात्र ज्यांचे ‘ड’ १० पेक्षाही कमी होते, त्यांना फायदा दिसला. म्हणजे कमतरता असेल तर ती भरून काढावी; पण गोळी ही विडीचा परवाना नव्हे.

काही सूचना :

१) ६०,००० युनिटची गोळी आठवड्याची असते, रोजची नव्हे. मनाने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, मूतखडा असे त्रास होतात.

२) आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, त्या वेळी थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हात जावे. खिडकीच्या काचेआडून आलेले ऊन उपयोगी नाही.

३) चाळिशीनंतर धूम्रपान करणाऱ्याला धाप किंवा जुना खोकला असेल, तर स्पायरोमेट्री करून घ्यावी.

४) गेलेली ताकद पुरती परत येत नाही, पण धूम्रपान सोडल्यावर घसरण मंदावते. मदतीसाठी १८००-११२-३५६ हा शासकीय क्रमांक मोफत आहे.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले. गोळी एकदाही चुकली नव्हती. विडी कट्ट्यावरून चारवर आली आहे. पुढच्या भेटीत मी रक्ताचा आकडा नंतर पाहीन, विडीचा आधी विचारीन.