गावतलाव : शाळेबाहेरील विज्ञानवर्ग

शाळेत प्रयोगशाळा नाही, म्हणून विज्ञान केवळ पुस्तकातून शिकवावे लागते, अशी खंत अनेक शिक्षक व्यक्त करतात. परंतु आपल्या गोंदिया जिल्ह्यात अनेक गावांच्या शिवारात एक विस्तीर्ण प्रयोगशाळा पूर्वजांनीच बांधून ठेवलेली आहे. ती म्हणजे गावचा तलाव होय. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने जमिनीचा उतार अचूक हेरून हे तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व हे तलाव 'माजी मालगुजारी', अर्थात 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाऊ लागले.

सुटीच्या दिवशी पाचवी ते सातवीच्या मुलांकडून करवून घेण्याजोगा एक अभ्यास येथे देत आहोत. प्रश्न साधा आहे : उन्हाळ्यात तलावाचे पाणी कोठे जाते?

साहित्य : सेंटिमीटरच्या खुणा केलेले बांबू, सरळ काठाचे व वीतभर खोल पसरट भांडे, मोजपट्टी आणि एक वही.

कृती : पोहणे जाणणाऱ्या प्रौढ व्यक्तीकडून काठाजवळच्या उथळ पाण्यात बांबू घट्ट रोववावा. मुलांनी काठावरच थांबावे. भांड्यात पाणी भरून ते पाळीवर उन्हात ठेवावे व गुरांपासून रक्षणासाठी भोवती काट्या लावाव्यात. दर रविवारी एकाच वेळी दोहोंतील पातळी मोजून नोंदवावी. पाणी ओसरू लागल्यास दुसरा बांबू आत रोवावा. त्या दिवशी दोन्ही बांबूंवरील नोंद घ्यावी, म्हणजे मापनाचा धागा तुटणार नाही.

विचार : भांड्यातील पाणी केवळ वाफ होऊन घटते. भांडे लहान असल्याने ते लवकर तापते व त्यातील पातळी तलावापेक्षा सहसा अधिक वेगाने उतरते. असे असूनही तलावाची घट भांड्याहून जास्त आढळली, तर उरलेले पाणी कोठे गेले? ते शेताला दिले, की पाळीतून झिरपले? तलावाची घट कमी आढळली, तर झिरप मुळीच नाही असे म्हणता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे शिक्षकांनी आधी सांगू नयेत.

गणित : १ हेक्टर पृष्ठभागावरील १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १,००,००० लिटर. हा हिशेब मुलांनी स्वतः मांडावा. मग बोटभर घटीचे मोल त्यांस उमगेल.

वर्गात मागे राहणारे धीवर कुटुंबातील मूल येथे कदाचित सर्वांच्या पुढे असेल. पाणी कोठे खोल आहे, मरळ कोठे सापडते, हे त्यास ठाऊक असते. त्याचे ज्ञान वहीत नावासह नोंदवावे. तलावाकाठच्या शेतात सारसाचे घरटे आढळल्यास दुरूनच पाहावे.

हाताशी असलेल्या साहित्यातून विज्ञान शिकता येते, याचा दाखला शेजारच्या मध्य प्रदेशात मिळाला आहे. तेथे तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांतून १९७२ साली असाच प्रयोगनिष्ठ उपक्रम सुरू झाला व तो २००२ पर्यंत चालला.

एखादी नोंद चुकीची वाटली, तरी ती खोडू नये; शेजारी शंका लिहावी. गाळाने तलाव उथळ होतो व लवकर आटतो. तो दरवर्षी किती लवकर आटतो, हे गाव अंदाजाने सांगते. मुलांची वही ते तारखेनिशी सांगेल. म्हणून वर्ग पुढे गेला, तरी वही शाळेतच राहावी आणि पुढील मुलांनी ती पुढे चालवावी.