अंगणातली घरे

भंडारा जिल्ह्यातील अड्याळसारख्या गावी मुले अंगणात ठिकरीची घरे आखतात. एखादा मुलगा आखणीत नवी युक्ती योजतो. परंतु पावसाची सर येताच ती पुसून जाते.

संगणकावरील खेळांतही अशी आखणी करता येते. इ. स. १९९३ मध्ये अमेरिकेत ‘डूम’ नावाचा खेळ निघाला. त्याच्या कर्त्यांनी खेळ चालविणारी आज्ञावली व खेळातील नकाशे निरनिराळे ठेवले होते. त्यामुळे खेळाडू स्वतः नवे नकाशे रचू लागले आणि इंटरनेटवरील सामाईक भांडारातून ते एकमेकांस विनामूल्य देऊ लागले. नकाशासोबत रचणाऱ्याचे नाव सांगणारे टिपणही असे.

पण संगणक जुने होतात; भांडार नव्या जागी हलवावे लागते. त्या घाईत एक टिपण हरवले, तरी कुणाचे तरी श्रम निनावी होतात. भांडाराच्या प्रती अनेक देशांत ठेवल्या गेल्या. १९९७ मध्ये कर्त्यांनी मूळ आज्ञावली सर्वांना खुली केली. जाणत्या खेळाडूंनी ती नव्या संगणकांसाठी सुधारली. म्हणूनच ते जुने नकाशे आजही खेळता येतात.

नवे उभारताना जुन्यांची ठेव आणि त्यांची नावे सांभाळणे, हीच खरी सुधारणा होय.