‘विरणे’चा माग कसा काढावा

लुगडं विरतं, ढग विरतो, मिरवणुकीच्या ताशाचा आवाज लांब जाता जाता विरतो. चप्पल मात्र झिजते, आणि वरण पातळ होतं. क्षीण होण्याच्या या क्रियापदांचे अर्थ आणि उगम शोधायचे असतील, तर कोशात लगेच डोकं घालू नका. आधी वाक्यं जमवा.

वसई-विरारमध्ये हे काम सोपं आहे, कारण एकाच तालुक्यात कादोडी, वाडवळी, कोळी बोली आणि शिवाय नोकरीधंद्यासाठी आलेल्यांची नाना तऱ्हेची मराठी ऐकू येते. फक्त विचारण्याची पद्धत सांभाळा. “आजी, तुमच्यात ‘विरणं’ म्हणतात का?” असं विचारलं, तर आजी भिडेखातर हो म्हणेल. त्यापेक्षा जुनं सुती लुगडं उजेडासमोर धरा. कुठे भोक नाही, पण उभे-आडवे धागे मोजता येतात, पलीकडचा हात दिसतो. मग विचारा, “याला काय झालंय?” जो शब्द येईल तो ऐकू आला तसाच लिहा, शुद्ध करू नका. शेजारी गावाचं नाव आणि बोली टाका. निर्मळचा उच्चार अर्नाळ्याच्या नावावर चढला, तर ती नोंद कुचकामी.

वाक्यं हाती आली की कर्ता बदलून पाहा. ही सगळ्यात उपयोगी पायरी, आणि नेमकी हीच लोक गाळतात. चंदनाचं खोड सहाणेवर झिजतं, ते विरत नाही. ढग विरतो, तो झिजत नाही. म्हणजे झिजण्याला घासणारं काहीतरी लागतं. विरणारी वस्तू घासल्याशिवायही आसपासच्या हवेत किंवा उजेडात नाहीशी होऊ शकते. कापड हा एकच कर्ता दोन्हीकडे चालतो: कॉलर झिजते आणि विरतेही. अशा सीमेवरच्या वाक्यांपाशी जास्त वेळ घालवा.

आता कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 ची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 ते 1938 या काळात आला, कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ 1946 मध्ये. टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही जवळ हवा. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, टर्नर आणि तुळपुळे-फेल्डहाउस हे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. एका कोशावर थांबू नका. जुने कोशकार दिसायला जवळचा संस्कृत शब्द पटकन चिकटवून मोकळे होतात.

‘विरणे’च्या बाबतीत दोन संस्कृत दावेदार समोर येतात. एक ‘विरल’, म्हणजे दाट नसलेला. दुसरा ‘वि’ + ‘ली’, म्हणजे विरघळून जाणे, ‘विलीन’ त्यातलाच. पहिला खरा मानला तर कापडाचा अर्थ जुना ठरतो आणि ढग नंतरचा. दुसरा मानला तर उलट. निवाडा मधल्या पायरीवर, म्हणजे प्राकृतात होतो. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या प्राकृत भागात ‘विली’च्या जागी ‘विरा’ येतो असं नोंदवलं आहे, रूप ‘विराइ’. माझं मत म्हणून या नोंदीकडेच झुकतं: ढगाचं विरणं आधीचं, लुगड्याचं नंतरचं. ‘विरल’कडून आपल्याला ‘विरळ’ मिळाला, आणि वाडीत मुळ्याची दाट उगवलेली रोपं उपटून अंतर राखतात ती ‘विरळणी’ही. दोन्ही घराणी कापडापाशी एकमेकांत मिसळली असणार.

ध्वनींचे नियम तपासायची सवय ‘झिजणे’ आणि ‘पातळ’ यांवर लावून घ्या. संस्कृत ‘क्षीयते’, प्राकृत ‘झिज्जइ’, मराठी ‘झिजणे’: ‘क्ष’चा ‘झ’ झाला. ‘पत्रल’चं ‘पत्तल’ झालं, मग जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबला आणि ‘पातळ’ आलं. ‘कर्म’चं ‘कम्म’ आणि पुढे ‘काम’ झालं तेही याच वाटेने. पत्र म्हणजे पान, तेव्हा ताकाच्या पातळपणामागे पानाचा पातळपणा आहे.

आणखी मागे जायचं असेल तर संस्कृत ‘तनु’ घ्या. लॅटिन ‘तेनुइस’ त्याचाच भाऊ, दोघांचाही अर्थ बारीक. त्या लॅटिनपासून इंग्रजी ‘अटेन्युएट’ आला. जंतू क्षीण करून बनवलेल्या बीसीजी लशीला आणि तारेतून जाताना मंदावणाऱ्या सिग्नलला इंग्रजीत तोच शब्द लावतात.

इथे दोन मोह टाळायचे. पहिला गावाच्या नावाचा. विरारचं नाव एकवीरा देवीवरून पडलं असं सांगतात. ते खरं असो-नसो, ‘विरणे’शी त्याची सोयरीक जुळवू नका. नुसत्या सारख्या अक्षरांना पुराव्यात जागा नाही. दुसरा मोह पोर्तुगिजांचा. 1534 ते 1739 वसई त्यांच्याकडे होती, त्यामुळे इथे प्रत्येक अनोळखी शब्द फिरंगी वाटतो. पण पाव, चावी, बटाटा अशी नामं उसनी येतात तितक्या सहज रोजची क्रियापदं येत नाहीत. कादोडीतलं एखादं क्रियापद कोशात सापडलं नाही, तर आधी कोकणी आणि गुजरातीत शोधा, पोर्तुगीज कोश शेवटी उघडा. तिथेही काही नसेल तर व्युत्पत्तीचा रकाना कोरा ठेवा आणि वाक्य, गाव, बोली आणि तारीख तेवढी नीट लिहा.