शरीरांतील गाद्या

महर्षि धोंडो केशव कर्वे (1858–1962) मुरुडास विद्यार्थी असतां परीक्षेसाठीं साताऱ्यास पायीं गेले. घाट चढून, पावसापाण्यांतून, शंभराहून अधिक मैल! इतकें करून, वयानें लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्या न्यायाविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें नाहीं. त्या पावलांविषयीं लिहावयाचें आहे.

एका मैलास सुमारें दोन हजार पावलें पडतात. म्हणजे त्या वाटेवर प्रत्येक टांच लाखभर वेळां भुईवर आपटली, आणि दर वेळीं तिजवर सर्व देहाच्या वजनाहून कांहींसा अधिकच भार आला. तरी हाड फुटत नाहीं, हें कसें?

मुरुडच्या वाडींत माडावरून नारळ पडतो, पण आंतली करवंटी बहुधा शाबूत राहते. कारण सोडण तो मार सोसतें. टांचेच्या हाडाखालींही असेंच एक सोडण आहे. चिवट तंतूंचे लहान लहान कप्पे आणि त्यांत भरलेली चरबी. भार येतांच ती दबते, पण कप्प्यांमुळें बाजूस पळून जात नाहीं. तळव्याची कमान किंचित् सपाट होऊन पुन्हां उठते. गुडघ्यांत चंद्रकोरीसारख्या दोन कूर्चा असतात. पाठीच्या मणक्यांमध्यें 23 चकत्या आहेत. त्या दिवसभराच्या भारानें पाणी गमावून चेपतात, म्हणून सायंकाळीं मनुष्य सकाळपेक्षां सुमारें एक सेंटिमीटर ठेंगणा भरतो! रात्रीं आडवें झाल्यावर त्या पुन्हां फुगतात.

परंतु सर्वांत मोठें काम स्नायूंचें. अंधारांत जोत्याची एक पायरी ध्यानांत न येतां पाय खालीं गेला, तर हिसका थेट दांतांपर्यंत पोहोंचतो. पायरी तेवढीच, पण स्नायू सावध नव्हते व गुडघा वांकला नव्हता. गड्यावरून उडी घेणाऱ्या मुलांस हें कोणी शिकवीत नाहीं, तरी तीं गुडघे वांकवूनच उतरतात.

मेंदूची गादी पाण्याची. सुमारें 1400 ग्रॅमचा मेंदू आपल्या द्रवांत तरंगत असल्यानें त्याचा भार 50 ग्रॅमइतकाच भासतो. मात्र माडावरून पडणाऱ्यास ही गादी पुरत नाहीं. असा मनुष्य उठून बोलूं लागला, तरी आंत रक्तस्राव चालू असूं शकतो. वारंवार वांती, वाढती गुंगी, किंवा एक बाहुली दुसरीहून मोठी दिसणें, यांपैकीं कांहींही आढळल्यास घरगुती लेप लावीत बसूं नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत त्याची मान व पाठ हलूं देऊं नये.