उन्हाळी, हुडहुडी आणि मूत्रपिंड

लघवी करताना आग होऊ लागली, ती थेंबाथेंबाने होऊ लागली, की मराठी घरांतून ‘उन्हाळी लागली’ असे म्हटले जाते. धने-जिरे भिजवलेले पाणी, सब्जाचे बी, शहाळे हे त्यावरचे परिचित उपाय होत. प्राचीन वैद्यकग्रंथांनीही ‘मूत्रकृच्छ्र’ या नावाखाली या त्रासाचे आठ प्रकार सांगितले आहेत. कडक उन्हात पाणी कमी पडल्यामुळे लघवी घट्ट झाली आणि तिची आग होऊ लागली, तर पाणी व शहाळे यांनी आराम पडतो, यात शंका नाही. परंतु ‘उन्हाळी’ या एकाच शब्दाने तीन निरनिराळ्या अवस्था झाकल्या जातात. पहिली केवळ पाण्याच्या कमतरतेची, दुसरी मूत्राशयातील जंतुसंसर्गाची आणि तिसरी त्याच जंतूंनी वर चढून मूत्रपिंड गाठल्याची. पहिली घरच्या घरी बरी होते. तिसरीकडे दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते, क्वचित जीवही जातो. या तिन्हींमधील फरक ओळखता येणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जंतूंचा उलटा प्रवास

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढ्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांच्या सूक्ष्म गाळण्यांतून गाळला जातो, त्यातील बहुतेक सर्व पुन्हा शोषून घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवीच्या रूपाने बाहेर पडतो. मूत्रपिंडातून निघालेली लघवी मूत्रवाहिनीने मूत्राशयात उतरते व मूत्रमार्गाने बाहेर जाते. हा प्रवाह सतत खाली वाहत असल्यामुळे चुकूनमाकून आत शिरलेले जंतू धुऊन निघतात. निसर्गाने केलेली ही मोरी धुण्याचीच व्यवस्था म्हणावयाची.

हे जंतू बहुधा बाहेरून आलेले नसतात. थिओडोर एश्चेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली लहान मुलांच्या विष्ठेत शोधलेला आणि पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागलेला ‘ई. कोलाय’ हा आतड्यातील नित्याचा रहिवासी. आतड्यात तो सहसा निरुपद्रवी असतो. मात्र त्याच्या काही जातींच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि त्यांच्या साहाय्याने ते मूत्रमार्गाच्या अस्तराला घट्ट चिकटतात. लघवीच्या प्रवाहाने ते वाहून जात नाहीत. मूत्रमार्गाच्या संसर्गाचे बहुसंख्य रुग्ण याच जंतूमुळे आजारी पडलेले आढळतात.

स्त्रियांना हा विकार अधिक होतो याचे कारण शरीररचनेत आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, तर पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा असतो. शिवाय स्त्रियांत तो गुदद्वारापासून फार दूर नसतो. यात आचरणाचा किंवा चारित्र्याचा काही संबंध नाही, हे स्पष्टपणे सांगावयास हवे. कारण या गैरसमजापायी अनेक मुली व स्त्रिया आपला त्रास घरातही बोलून दाखवीत नाहीत.

हुडहुडी भरली की

जंतू मूत्राशयापुरते मर्यादित असतात तोवर आग होणे, वारंवार लघवीला जावे लागणे आणि ओटीपोटात दुखणे एवढीच लक्षणे दिसतात. ताप सहसा नसतो. जंतू मूत्रपिंडात पोहोचले की चित्र पालटते. अंगात हुडहुडी भरून ताप चढतो, एका बाजूची कूस किंवा बरगडीखालचा पाठीचा भाग ठणकू लागतो, मळमळते, उलट्या होतात. लघवी गढूळ, दुर्गंधीयुक्त, क्वचित लालसर दिसते. काही रुग्णांत लघवीची आग मुळीच नसते, आणि तेथेच फसगत होते.

थंडी वाजून ताप आला की आपल्याकडे पहिला संशय हिवतापाचा येतो. तो घ्यावाच, रक्ताचा नमुना तपासून घ्यावाच. परंतु त्या तपासणीत काही निघाले नाही, तर लघवीविषयी विचारणे व ती तपासणे राहून जाऊ नये. पाठदुखीचेही तसेच. दिवसभर वाकून काम करणाऱ्या स्त्रीची कंबर दुखणे इतके नित्याचे मानले जाते की तापाबरोबर आलेली एका बाजूची कळही ‘कामाने अंग भरून आले’ या सदरात जमा होते. अशा वेळी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी दुहेरी घात करते. ताप व कळ तात्पुरती दबल्याने दवाखान्यात जाणे लांबते; आणि उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झालेले असताना या गटातील पुष्कळशा गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवितात.

दोन-तीन वर्षांच्या आतील मूल कूस दुखते असे सांगू शकत नाही. त्याला ताप येतो, ते दूध घेत नाही, किरकिर करते, एवढेच. सर्दी-खोकला नसताना आलेल्या तापात लघवी तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. काही मुलांत मूत्राशयातील लघवी जन्मजात दोषामुळे उलटी वर चढते. त्यांना वारंवार संसर्ग होऊन मूत्रपिंडावर व्रण राहतात आणि मोठेपणी रक्तदाबाचा विकार जडू शकतो. वृद्धांच्या बाबतीत उलट प्रकार घडतो. ताप फारसा नसतो, परंतु माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागतो आणि घरातील मंडळी वयाला दोष देतात.

नमुना कसा द्यावा

निदानाचा पाया लघवीची तपासणी हाच आहे, आणि तपासणी नमुन्याइतकीच चांगली असू शकते. प्रथम जागा स्वच्छ पाण्याने धुवावी. सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यावी आणि मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत धरावी. घरातील धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. त्यामुळे सकाळी घेतलेला नमुना दुपारी एस.टी.ने तालुक्याच्या गावी पोहोचला, तर थोडे जंतूही पुष्कळ दिसतील. तासा-दोन तासांत तो पोहोचवावा, अन्यथा तोवर शीतकपाटात ठेवावा.

साध्या तपासणीत पूपेशी दिसतात. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो हे ‘कल्चर’ तपासणीतून कळते व त्यास दोन-तीन दिवस लागतात. मिलिलिटरमागे एक लाख जंतू असल्यास संसर्ग मानावा, हा प्रचलित निकष बोस्टनचे डॉ. एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात रूढ केला. लक्षणे स्पष्ट असतील तर डॉक्टर याहून कमी संख्याही ग्राह्य धरतात. नमुना मात्र प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी द्यावयास हवा. आदल्या रात्री एक गोळी घेऊन सकाळी नमुना दिल्यास अहवालात जंतू उगवत नाहीत आणि खरा शत्रू कोण हे अज्ञातच राहते.

अर्ध्यावर सोडलेला उपचार

मूत्रपिंडाच्या संसर्गावर प्रतिजैविके हाच खरा उपचार आहे. पाणी, सब्जा किंवा आग कमी करणारे पातळ औषध यांनी आराम वाटतो, पण मूत्रपिंडाच्या उतींत शिरलेले जंतू त्यांनी मरत नाहीत. प्रतिजैविकांतही भेद आहे. काही औषधे मूत्राशयातील लघवीत उत्तम साठतात, परंतु मूत्रपिंडाच्या उतींत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. शेजारणीला ज्या गोळीने दोन दिवसांत गुण आला, तीच गोळी हुडहुडी भरलेल्या रुग्णाला निरुपयोगी ठरते ती यामुळे. उलट्या होत असतील, रक्तदाब घसरला असेल किंवा रुग्ण गर्भवती असेल, तर रुग्णालयात ठेवून शिरेवाटे औषध द्यावे लागते. इतरांना बहुधा तोंडावाटे औषध पुरते. ते औषधागणिक पाच-सात दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत चालते आणि कल्चरचा अहवाल आल्यावर आवश्यक तर बदलले जाते.

ताप साधारणतः दोन-तीन दिवसांत उतरतो. येथेच गफलत होते. मजुरी बुडालेली असते, उरलेल्या गोळ्या फडताळात जातात आणि पुढच्या वेळी घरातील दुसऱ्या कोणाला उन्हाळी लागली की बाहेर निघतात. उपचार अपुरा राहिल्याने संसर्ग पुन्हा डोके वर काढतो. आणि प्रतिजैविकांच्या अशा अस्थानी वापरातून त्यांना न जुमानणारे जंतू तेवढे टिकून वाढतात. एकेकाळी मूत्रमार्गाच्या संसर्गावर हुकमी मानल्या गेलेल्या कित्येक औषधांना भारतातील ई. कोलाय आज मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे सर्वेक्षण हेच दाखविते. या प्रश्नाची दखल घेऊन केंद्र शासनाने महत्त्वाच्या प्रतिजैविकांचा समावेश असलेली ‘एच-१’ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून अंमलात आणली. तीमधील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाची असून विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे जपून ठेवावयाची आहे. पाकिटावरील उभी लाल रेषा हीदेखील डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषध घेऊ नये याचीच खूण होय. नियम चांगला आहे. परंतु दुकानदार ओळखीचा असला आणि दवाखाना दूर असला, की तो कागदावरच राहतो, हेही मान्य करावयास हवे.

तीन दिवस योग्य औषध घेऊनही ताप न उतरल्यास सोनोग्राफी वा तत्सम तपासणी करून अडथळ्याचा शोध घ्यावा लागतो. मूतखड्याने मूत्रवाहिनी तुंबली असेल, तर वरची लघवी पुवाने भरलेल्या डबक्यासारखी होते. अशा वेळी नुसत्या औषधाने भागत नाही. नळी घालून तुंबलेली लघवी तातडीने मोकळी करावी लागते. मधुमेही रुग्णांत तर जंतू मूत्रपिंडाच्या आतच वायू निर्माण करतात, असा भयंकर प्रकारही क्वचित आढळतो. मधुमेही व्यक्तीने थंडीतापाच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये.

गर्भवती स्त्रियांची गोष्ट वेगळी

गरोदरपणात संप्रेरकांच्या प्रभावाने मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढते गर्भाशय त्यांच्यावर, विशेषतः उजव्या बाजूस, दाब देते आणि लघवी रेंगाळते. साहजिकच जंतूंना वर चढणे सोपे जाते. शंभरांतील दोन ते दहा गर्भवतींच्या लघवीत कोणतीही तक्रार नसताना जंतू सापडतात. उपचार न केल्यास त्यांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या स्त्रियांना पुढे मूत्रपिंडाचा दाह होऊ शकतो. त्यातून अकाली प्रसूती, कमी वजनाचे मूल, मातेच्या रक्तात जंतुविष पसरणे हे धोके उद्भवतात. इतर निरोगी स्त्रीच्या लघवीत तक्रारीविना जंतू सापडले तर सहसा औषध देत नाहीत. गर्भवतीला मात्र द्यावयाचे, असा हा अपवाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली अशा मातांसाठी सात दिवसांच्या प्रतिजैविकाची शिफारस केली. औषध गर्भाला निर्धोक असावयास हवे, म्हणून निवड डॉक्टरांनीच करावी.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची तपासणी होते, तीत लघवीची तपासणीही अंतर्भूत आहे. रक्तदाब व रक्त यांच्याकडे जेवढे लक्ष जाते तेवढे या बाटलीकडे जात नाही. आशा कार्यकर्तीने घरभेटीत आग, ताप व कूस या तीन शब्दांत विचारपूस केली, तरी पुष्कळ काम होईल.

पाणी आणि आडोसा

वरचेवर मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर बल्गेरियात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी दररोज दीड लिटर पाणी अधिक घेतले, त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. एवढा स्वस्त उपाय वैद्यकशास्त्रात विरळाच. महाराष्ट्रातील अनेक स्त्रियांपुढे अडचण पाण्याच्या ज्ञानाची नसून आडोशाची आहे. ऊसतोडीच्या फडावर, बांधकामावर, आठवड्याच्या बाजारात, लांबच्या प्रवासात स्वच्छ शौचालय नसते म्हणून त्या पाणीच पीत नाहीत आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. पाणी कमी आणि रोखणे अधिक, अशा दोन्ही बाजूंनी धुण्याची ती नैसर्गिक व्यवस्था बंद पडते. शाळेत जाणाऱ्या मुलीही हेच करतात. शौचालय बांधले, पण त्यात पाणी नाही किंवा दाराला कडी नाही, तर मुलींच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. ग्रामपंचायती, शाळा समित्या आणि साखर कारखाने यांच्या बैठकांत हा विषय आरोग्याचा म्हणून यावयास हवा.

वैयक्तिक काळजीत शौचानंतर पुढून मागे या दिशेने धुणे, शरीरसंबंधानंतर लघवी करून येणे, मलावरोध न होऊ देणे आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे यांचा समावेश होतो.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून तपासणी व उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ पासून अंमलात आला. साधी लघवी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कल्चर किंवा सोनोग्राफीसाठी ग्रामीण, उपजिल्हा वा जिल्हा रुग्णालयात जावे लागू शकते. रुग्णाला ग्लानी आली असेल, लघवी फारच कमी होत असेल वा बंद झाली असेल, तर वाहनाची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जाताना घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर न्यावीत. उपचार संपल्यानंतर पुन्हा ताप वा कूसदुखी उद्भवल्यास नव्याने कल्चर करून घ्यावे, आणि गर्भवतीच्या बाबतीत तक्रार नसली तरी प्रसूतीपर्यंत लघवीची तपासणी अधूनमधून करीत राहावी.